ट्युलिपच्या आधीचं हॉलंड

फुलांच्या दिवसांत हॉलंड पाहायला सगळेच जातात. नोकरीनिमित्त तिथे राहायला गेलेल्या भारतीय कुटुंबांची गाठ मात्र पडते ती पावसाळी, अंधाऱ्या हिवाळ्याशी. परका देश आपलासा होतो की नाही, हे बहुधा याच चार महिन्यांत ठरतं.

हॉलंड म्हटलं की डोळ्यांपुढे येतात ट्युलिपचे ताटवे, संथ फिरणाऱ्या पवनचक्क्या आणि बांधाला पडलेल्या भोकात बोट घालून रात्रभर बसलेला तो शूर मुलगा. यांपैकी ट्युलिप बहरतात एप्रिलमध्ये. पाणी उपसण्याचं पवनचक्क्यांचं काम केव्हाच पंपांकडे गेलं आहे. आणि तो मुलगा तर खुद्द डच लोकांना फारसा ठाऊकही नसतो! मेरी मेप्स डॉज या अमेरिकन लेखिकेच्या १८६५ सालच्या ‘हान्स ब्रिंकर’ या कादंबरीमुळे तो जगभर पोहोचला. पर्यटक त्याची चौकशी करू लागले, तेव्हा १९५० मध्ये स्पार्नडाम गावात त्याचा पुतळा उभारण्यात आला.

हॉलंड हे नावसुद्धा खरं तर बारा प्रांतांपैकी दोनच प्रांतांचं आहे. देशाचं नाव नेदरलँड्स, म्हणजे सखल प्रदेश. जवळजवळ चौथा हिस्सा जमीन समुद्रसपाटीच्या खाली. ॲम्स्टरडॅमचा स्खिपोल विमानतळ तर १८५२ मध्ये पाणी उपसून कोरड्या केलेल्या एका सरोवराच्या तळावर वसला आहे. लोकसंख्या सुमारे एक कोटी ऐंशी लाख, म्हणजे मुंबई महानगर परिसरापेक्षाही कमी. सायकली मात्र माणसांपेक्षा जास्त!

परदेशी तंत्रज्ञांसाठी २००४ मध्ये इथले नियम सोपे झाले आणि भारतीयांची वर्दळ वाढू लागली. ॲम्स्टरडॅमला लागून असलेलं ॲम्स्टेलवीन, हेग, आइंडहोव्हन अशा शहरांत आज तूरडाळ, पोहे, हिंग सहज मिळतं. पण वाणसामान मिळालं म्हणून घर मिळालं असं होत नाही. डिसेंबरमध्ये सूर्य उगवतो पावणेनऊच्या सुमारास आणि साडेचारच्या आत मावळतो. तोही ढगांतून दिसला तर! मुलं अंधारात शाळेला निघतात, नवरा अंधारात घरी परततो. भारताशी साडेचार तासांचं अंतर, त्यामुळे इथली कामं आवरून आईला फोन करावा तर तिकडे रात्रीचे अकरा वाजून गेलेले. पुण्यातली किंवा बंगळूरची चांगली नोकरी सोडून नवऱ्याबरोबर आलेल्या तरुणीला हा हिवाळा खायला उठतो. शेजारीण वाटीभर काही घेऊन येईल, निदान ‘नवीन आलात का?’ म्हणून विचारेल, अशी ती वाट पाहते. कुणीच येत नाही.

पडदे उघडे, दार बंद

गंमत अशी, की डच घरांच्या खिडक्या चांगल्या मोठ्या असतात आणि पडदे बहुतेक वेळा उघडेच. रस्त्यावरून जाताना आतला दिवा, खिडकीतल्या कुंड्या, टेबलाभोवती बसलेलं कुटुंब, सारं दिसतं. पण म्हणून बेल वाजवून आत जाता येत नाही. त्यासाठी हवी ‘आफ्स्प्राक’, म्हणजे आधी ठरवलेली भेट. दंतवैद्याकडे जायला आफ्स्प्राक, केस कापायला आफ्स्प्राक आणि जिवलग मैत्रिणीकडे कॉफी प्यायलाही आफ्स्प्राकच. आजीसुद्धा डायरी पाहून सांगते, ‘पुढच्या गुरुवारी दोन ते चार मोकळी आहे, नातवंडांना घेऊन या.’

‘सहज आलो होतो’ या तीन शब्दांवर ज्यांची नाती उभी आहेत, त्या माणसांना हे विचित्र वाटणारच. दुपारी गेलेल्या पाहुण्याने सहाच्या आत उठायचं, ही इथली रीत. सहाला जेवण असतं आणि बटाटे माणशी मोजून उकडलेले असतात. ‘आता जेवूनच जा’ असा आग्रह होत नाही. त्यात अपमान करण्याचा हेतूही नसतो.

या आखीवपणाचं मूळ अनेक जण पाण्यात शोधतात. समुद्राशी झुंजायचं तर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वेळेवर एकत्र येऊन आपापला बांध राखायला हवा. त्यासाठी तेराव्या शतकापासून इथे पाणी मंडळं आहेत आणि आजही त्यांच्या निवडणुका होतात. १९५३ च्या फेब्रुवारीत वादळाने बांध फुटले, तेव्हा एका रात्रीत आलेल्या पुराने १,८३६ माणसं गेली. त्यानंतर पुढची चार दशकं खपून या लोकांनी समुद्राला प्रचंड दरवाजे बसवले. अशा देशात ‘बघू, येऊ कधीतरी’ याला किंमत नसावी, हे समजण्यासारखं आहे.

नवख्या माणसाला या रिवाजाची दुसरी बाजू उशिरा कळते. डायरीत लिहिलेलं नाव म्हणजे दिलेला शब्द. मुसळधार पाऊस असो वा सोसाट्याचा वारा, मैत्रीण रेनकोट चढवून, सायकल दामटत ठरल्या वेळेला दारात हजर होते. मग ते दोन तास पूर्णपणे तुमचे असतात.

वाढदिवसाची तऱ्हाही अशीच. खुर्च्या गोलाकार मांडलेल्या, केकचा एकेक तुकडा, कॉफी. आल्या आल्या केवळ वाढदिवस असलेल्याचं नव्हे, तर त्याच्या आईचं, बायकोचं, आजीचं, सगळ्यांचं अभिनंदन करायचं! सर्वांच्या वाढदिवसांचं एक कॅलेंडर घरात टांगलेलं असतं आणि तेही चक्क संडासात. रोज नजरेला पडावं, कुणाचा दिवस विसरू नये म्हणून. एखाद्या डच घरातल्या त्या कॅलेंडरवर आपलं नाव दिसलं, की खुशाल समजावं, आपण आता या घरातले झालो.

ताक आहे, पण फोडणी नाही

खाण्याच्या बाबतीत पहिला धक्का दुपारी बसतो. गरम जेवण नाहीच. पाव, त्यावर चीज आणि सोबत पेलाभर ताक. होय, ‘कार्नेमेल्क’ म्हणजे ताकच! पण त्यात ना मीठ, ना जिरं, ना कोथिंबीर. जिरं सापडतं ते भलतीकडेच, चीजमध्ये. लायडन शहराचं जिरं घातलेलं चीज प्रसिद्ध आहे आणि फ्रिसलँड प्रांतात तर लवंग घालून चीज करतात. सकाळी मुलं पावाला लोणी लावून त्यावर चॉकलेटचे बारीक दाणे पसरून खातात. आपल्या मुलांना ही एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून आवडते.

संध्याकाळचं हिवाळी जेवण म्हणजे ‘स्टॅम्पपॉट’. उकडलेले बटाटे आणि केल नावाची कोबीच्या कुळातली पालेभाजी एकत्र घोटायची आणि बाजूला सॉसेज ठेवायचं. बटाट्याच्या भाजीला फोडणी द्यायची राहून गेली असावी, असं प्रथम वाटतं. याच घोटलेल्या भाजीचा गाजर-कांदा घातलेला प्रकार म्हणजे ‘हुत्सपॉट’. त्याला इतिहास आहे. १५७४ मध्ये लायडनचा वेढा उठवून स्पॅनिश सैन्य पळालं, तेव्हा त्यांच्या छावणीत अशा शिजवलेल्या भाजीचं भांडं सापडलं, अशी आख्यायिका आहे. उपाशी शहर ते जेवलं. आजही दर ३ ऑक्टोबरला लायडनमध्ये घरोघरी हुत्सपॉट शिजतो. थंडी वाढली की वाटाण्याचं सूप येतं. चमचा उभा राहील इतकं दाट असेल तरच ते खरं सूप! त्यात डुकराचं मांस असतं, म्हणून शाकाहारी मंडळींनी आधी विचारून घ्यावं. मांसाशिवाय केलेलं सूपही दुकानांत मिळतं.

मसाल्यांशी या लोकांचं नातं मात्र जुनं आहे. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीने मसाल्यांच्या व्यापारावरच अमाप पैसा मिळवला. आपल्या वेंगुर्ल्यातल्या डच वखारीचे अवशेष त्याच काळाची आठवण देतात. नोव्हेंबर लागला की इथल्या बेकऱ्यांतून दालचिनी, लवंग, जायफळ, सुंठ यांचा घमघमाट सुटतो. ‘स्पेक्युलास’ नावाची ती खुसखुशीत बिस्किटं खाताना दिवाळीच्या दिवसांतलं आपलं स्वयंपाकघर आठवल्याशिवाय राहत नाही.

तिखटाची तलफ भागवायला इंडोनेशियन उपाहारगृहं आहेत. इंडोनेशिया ही पूर्वीची डच वसाहत. त्यामुळे परतलेला भात आणि झणझणीत सांबाल डच घरांतही रुळलं आहे. आणि हेगमध्ये गेलं तर चक्क रोटी मिळते! १८७३ मध्ये ‘लाला रूख’ हे जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनाम या डच वसाहतीत पोहोचलं. १९१६ पर्यंत सुमारे ३४ हजार भारतीय तिकडे गेले. १९७५ मध्ये सुरीनाम स्वतंत्र झालं, त्या सुमारास त्यांच्या वंशजांपैकी अनेक जण हॉलंडला आले. घरी सरनामी बोलणाऱ्या या हिंदुस्थानी कुटुंबांनी भजनं, होळी आणि मसाल्याचा बटाटा घातलेली रोटी दोन समुद्र ओलांडून जपली आहे. हेगच्या पॉल क्रूगरलान रस्त्यावर साड्यांची आणि मिठाईची दुकानं पाहून नव्या पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी येतं ते उगीच नाही.

मुलांचं बोट धरून

परक्या देशात आई-वडिलांच्या आधी मुलं रुजतात. इथे चौथ्या वाढदिवसानंतर लगेच मूल शाळेत जाऊ लागतं. डब्यात पाव आणि फळ. वाढदिवसाला वर्गात खाऊ वाटायचा, ही पद्धत अगदी आपल्यासारखीच. पोहणं मात्र आलंच पाहिजे. पहिली पोहण्याची परीक्षा मुलं अंगावर कपडे आणि पायांत बूट घालूनही देतात, कारण कालव्यात पडणारं मूल पोहण्याचा पोशाख घालून पडत नाही!

हिवाळ्यातले सण मुलांमुळेच घरात शिरतात. ११ नोव्हेंबरला, सेंट मार्टिनच्या संध्याकाळी, देशाच्या उत्तर भागात आणि ॲम्स्टरडॅम परिसरात मुलं कागदी कंदील घेऊन दारोदार गाणी म्हणत फिरतात. घरातल्यांनी त्यांना गोळ्या-चॉकलेटं द्यायची. त्या एका संध्याकाळी कुठल्याही दाराची बेल वाजवायला आफ्स्प्राक लागत नाही. बाळाला घेऊन फिरणाऱ्या आईला तेवढ्यात सगळी गल्ली ओळखीची होऊन जाते.

नंतर येतात सिंटरक्लास, म्हणजे संत निकोलस. नोव्हेंबरच्या मध्याला ते ‘स्पेनहून’ आगबोटीने येतात, पांढऱ्या घोड्यावरून मिरवतात आणि सारा देश तो सोहळा दूरदर्शनवर पाहतो. रात्री मुलं आपला बूट ठेवतात आणि त्यात घोड्यासाठी गाजर. सकाळी गाजर गायब आणि बुटात चॉकलेटचं अक्षर, आपल्या नावाचं पहिलं. ५ डिसेंबरची रात्र भेटवस्तूंची. मोठी माणसं चिठ्ठ्या टाकून एकमेकांची नावं काढतात, भेट भलत्याच रूपात दडवतात आणि सोबत कोपरखळ्या मारणारी कविता लिहितात. लिहिणाऱ्याचं नाव नसतं. सही सिंटरक्लासची! समोरासमोर स्पष्ट बोलणारे डच लोक या रात्री प्रेमही असं आडवळणाने व्यक्त करतात.

या सणाला एक दुखरी बाजूही होती. संताचा सेवक ‘झ्वार्ते पीट’ म्हणजे काळा पीट. चेहरा काळा रंगवलेले, कुरळ्या केसांचा टोप आणि लाल ओठ केलेले शेकडो पीट मिरवणुकीत असत. सुरीनाम आणि कॅरिबियन बेटांतून आलेल्या कुटुंबांना ही गुलामगिरीची थट्टा वाटे. सावळ्या मुलांना शाळेत त्या नावाने चिडवलं जाई. २०११ पासून निदर्शनांनी जोर धरला, घराघरांत वाद झाले. अखेर २०१९ पासून राष्ट्रीय मिरवणुकीतल्या पीटच्या गालांवर फक्त चिमणीतल्या काजळीचे पट्टे उरले. आपला सण बदलायला कुणाला आवडतं? तरीही बहुतेक ठिकाणी तो बदलला, हे महत्त्वाचं.

नाताळ, फटाके आणि बर्फ

नाताळ इथे दोन दिवसांचा, २५ आणि २६ डिसेंबर. त्याआधी अनेक कार्यालयांतून खाऊ आणि वस्तूंनी भरलेला खोका घरी येतो, दिवाळीच्या मिठाईच्या पुड्यासारखा. नाताळच्या जेवणाची एक पद्धत आहे ‘गूरमेट’. टेबलाच्या मधोमध विजेचा तवा आणि प्रत्येकाच्या हातात तळहाताएवढं तव्याचं पिल्लू. ज्याने त्याने आपलं आपण भाजून खायचं. शाकाहारी पाहुण्याला याइतकी सोयीची पंगत दुसरी नाही. आपल्या छोट्या तव्यावर मशरूम, ढोबळी मिरची, पनीर परतायचं. जेवण दोन-तीन तास चालतं आणि एरवी घड्याळाकडे पाहणारं घर त्या रात्री घड्याळ विसरतं. मात्र तव्यांची विभागणी कशी करायची, हे यजमानाला आधीच सांगून ठेवलेलं बरं.

३१ डिसेंबरला तळणीचा वास सुटतो. ‘ओलिबोलन’ म्हणजे बेदाणे घातलेले, पिठीसाखर भुरभुरलेले तळलेले गोळे. गुलगुल्यांचे हे गोरे भाऊ! मध्यरात्री फटाक्यांचा असा भडका उडतो, की दिवाळी फिकी पडावी. मात्र दरवर्षीच्या जखमा आणि नासधूस पाहून संसदेने २०२५ मध्ये सामान्य लोकांच्या फटाक्यांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. दुसऱ्या दिवशी, १ जानेवारीला, हेगजवळच्या स्खेवेनिंगनच्या किनाऱ्यावर हजारो माणसं गोठवणाऱ्या समुद्रात धावत जाऊन डुबकी मारतात. पाहणाऱ्यालाच हुडहुडी भरते.

खरा उत्सव मात्र कॅलेंडरमध्ये नसतो. काही दिवस सलग पाणी गोठलं, की हा शिस्तीचा देश वेडा होतो. तळी, कालवे माणसांनी भरून जातात. लहान मुलं खुर्ची ढकलत बर्फावर तोल सांभाळायला शिकतात. काठावर सूप आणि गरम चॉकलेटच्या टपऱ्या लागतात. फ्रिसलँडमधली अकरा शहरांची स्केटिंगची शर्यत जवळजवळ २०० किलोमीटरची. १९०९ पासून ती केवळ पंधरा वेळा झाली. सध्याचे राजे विलेम-अलेक्झांडर युवराज असताना, १९८६ मध्ये, नाव बदलून तिच्यात उतरले होते. शेवटची शर्यत ४ जानेवारी १९९७ ची. ती जिंकली हेंक आंगेनेंट या छोट्या कोबीची, म्हणजे ब्रसेल्स स्प्राउट्सची, शेती करणाऱ्या माणसाने. त्यानंतर पुरेसा जाड बर्फ पडलेला नाही. हवा तापत चालली आहे. तरीही थंडीची लाट आली की म्हातारी माणसं अडगळीतून स्केट काढून धार लावून ठेवतात.

सुट्टीचं गणित

भारतीय कुटुंबांच्या डिसेंबरमध्ये एक घालमेल असते. नाताळची शाळेची सुट्टी दोनच आठवड्यांची. पाच वर्षांवरच्या मुलाला सुट्टीव्यतिरिक्त परवानगीवाचून शाळा चुकवून नेलं तर पालकांना दंड होऊ शकतो. ‘आठ दिवस आणखी राहू दे ना’ ही आजीची विनवणी इथे चालत नाही. धार्मिक सणासाठी मात्र शाळेला किमान दोन दिवस आधी कळवून रजा घेता येते, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे. दिवाळी घरी साजरी होऊ शकते. फेब्रुवारीतही आठवड्याची सुट्टी असते. रस्त्यांवर गर्दी होऊ नये म्हणून देशाच्या तीन विभागांत तिच्या तारखा एकाच वेळी येत नाहीत. सपाट देशातली ही मंडळी तेव्हा गाड्या भरून ऑस्ट्रियाच्या डोंगरांत बर्फावर घसरायला जातात. दक्षिणेत त्याच सुमारास कार्निव्हल असतो आणि सोंगं काढून गावं नाचतात.

आजी-आजोबांना बोलवायचं तर मात्र एप्रिल-मे बरा. हिवाळ्यात आलेले वडीलधारे खिडकीशी बसून कंटाळतात.

विचारणाऱ्याला दार उघडतं

या देशाला माणुसकी नाही, असं म्हणावं तर बाळंतपणाची गोष्ट आठवावी. बाळ जन्मल्यावर आठ-दहा दिवस प्रशिक्षित परिचारिका रोज घरी येते. बाळाला न्हाऊ घालते, आईला विश्रांती देते, थोरल्या मुलालाही सांभाळते. विम्याच्या खर्चात बसणारं हे जणू माहेरपणच! भेटायला येणाऱ्यांना टोस्टवर साखरेत घोळलेली, बडीशेपेसारखी ॲनिसची दाणेदार बडी देतात. पूर्वीपासूनची समजूत अशी, की त्याने आईला दूध येतं. आपल्या बाळंतशेपेची सख्खी बहीणच ही! इथली माया अशी वेळापत्रकात बसवलेली असते. तिथे ती शोधली तर सापडते.

म्हणूनच पहिल्या हिवाळ्यात दाराकडे डोळे लावून बसण्यात अर्थ नाही. आपण नवीन आहोत, हे इथे आपणच जाऊन सांगायचं असतं. ‘शनिवारी चार वाजता चहाला याल का?’ असं शेजाऱ्यांना विचारावं. ते डायरी पाहतील, कदाचित तीन आठवड्यांनंतरची तारीख देतील. ती नकाराची पद्धत नव्हे. त्या दिवशी ते नक्की येतील आणि कांदाभजी आवडीने खातील. गावातल्या वाचनालयांत डच बोलण्याचा सराव करायला गट जमतात. शाळेत आयांची मदत हवीच असते. मुलांना वाचून दाखवायला, सहलीला जायला आणि प्रत्येक सुट्टीनंतर मुलांच्या डोक्यांतल्या उवा तपासायलासुद्धा! उवा पाहण्यात तरबेज असलेल्या कितीतरी भारतीय आयांची पहिली डच मैत्रीण तिथेच, मुलांच्या रांगेपुढे उभ्या उभ्या झाली असेल.

मार्चअखेरीस घड्याळ एक तास पुढे जातं, संध्याकाळ लांबते आणि पर्यटकांच्या बसगाड्या ट्युलिप पाहायला येऊ लागतात. तोवर ज्या घराच्या भिंतीवर दहा-बारा वाढदिवसांची नावं लिहिली गेली असतील, त्या घराचा पहिला हिवाळा सुखरूप पार पडला म्हणायला हरकत नाही.